बारा नंबरनं उत्तर दिलं

१

सेरुवाया गेली ती शनिवारी, दुपारी चारच्या सुमाराला. मूल वाचलं. मुलगी होती, आणि ती इतकी खणखणीत रडली की बाहेर अंगणात प्रार्थनेला बसलेल्या बायकांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. मग सिस्टर दारात आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. टाळ्या एकेक करत थांबल्या.

वातुलोमा हे लाऊच्या बेटांतलं अगदी टोकाचं बेट. माणसं दोनशे दहा, नर्सिंग स्टेशन एक, सिस्टर एक. रेडिओ डोंगरापलीकडे लागत नाही, आणि सॅटेलाइट फोन वादळानंतर दुरुस्तीला गेला तो गेलाच. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर शाळेच्या छपरावरची तबकडी आणि तिच्यापासून निघालेल्या चार वायरी.

मंगळवारी बोट आली, तिच्यातून उनाइसी उतरली. राजधानीतल्या, सुव्याच्या आरोग्यखात्यात ती मशीनं बघायची. आठ तास उलट्या करून तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. घरी तिचा सात महिन्यांचा मुलगा योसेफा पहिल्यांदाच आजीजवळ राहिला होता. तिला माणसांबद्दल काही लिहायचं नव्हतं. साहेबांना मशीनबद्दल एकच ओळ हवी होती: उत्तर पोचलं होतं की नव्हतं?

तिच्या पिशवीत मोठ्या इस्पितळाच्या नोंदीचा कागद होता.

शनिवारी दोन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरचा निरोप: रक्त थांबत नाही, मदत पाठवा.

दोन चौदाला इस्पितळाचं उत्तर: सरकारी बोट तुमच्या बेटाजवळून जाते आहे. वळवायची का? ताबडतोब हो कळवा.

दोन एकोणीसला तेच. दोन सव्वीसला तेच. तिन्ही उत्तरांपुढे यंत्रानंच टाकलेली खूण होती: पोचलं.

'हो' आलं नाही. पावणेतीनला बोट पुढे निघून गेली.

आणि सिस्टर मेरेवालेसी सांगत होती, एकही उत्तर आलं नाही. म्हणजे ती खोटं बोलत होती, किंवा झोपली होती आणि मग तिनं उत्तरं खोडली होती. उनाइसीनं तसं लिहिलं की शुक्रवारच्या बोटीनं सिस्टरनंही सामान बांधून निघायचं होतं. दुसरी सिस्टर वर्षभर तरी मिळणार नव्हती. गावात तिघी पोटुशी होत्या. पहिलीचे दिवस पुढच्या महिन्यात भरत होते.

२

"तू लिहायला आलीस ना? लिही. मी झोपले नव्हते."

"मी कुठं काही म्हटलं, सिस्टर?"

"तुझ्या कागदानं म्हटलं."

सिस्टर मेरेवालेसी पन्नाशीला आलेली, रुंद खांद्यांची, अनवाणी बाई. बोलताना ती उनाइसीकडे बघत नव्हती. उकळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. घातलेली मोडून पुन्हा घालत होती.

"पहिला निरोप गेला," ती म्हणाली. "दुसरा गेलाच नाही. ते स्क्रीनवर गोल गोल फिरत बसलं. एका हातानं मी तिचं पोट दाबून धरलं होतं, दुसऱ्या हातानं बटण. पुसलंय मी, पण त्या फटीत बघ."

उनाइसीनं कीबोर्डाच्या फटीत पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"सेरुवाया शुद्धीवर होती?"

"शेवटपर्यंत. मला म्हणाली, सिस्टर, ते राहू दे, माझ्याजवळ बस." सिस्टरनं घडी मोडली. "मी बसले नाही. बटण दाबत राहिले."

उनाइसी मशीनसमोर बसली. प्रत्येक येणाऱ्या निरोपाला इस्पितळाचं यंत्र क्रमांक देतं. खोडलं तर खोडल्याची खूण उरते. इथं खूण नव्हती. नुसते क्रमांक गळलेले होते, पडलेल्या दातांसारखे. शनिवारचे तीन नाहीत, हे ठीक. पण गेल्या तीन आठवड्यांतले आणखी नऊ नव्हते. तिनं इस्पितळाच्या यादीशी ताडून पाहिलं. एक डासांच्या फवारणीचं पत्रक. एक रजेच्या अर्जाचा नवा नमुना. एक वाढदिवसाच्या शुभेच्छा.

"सिस्टर, तुमचा वाढदिवस कधी झाला?"

"दोन आठवडे झाले. का?"

"खात्याकडून शुभेच्छा मिळाल्या?"

"मला? खात्याकडून?" सिस्टर पहिल्यांदा हसल्यासारखी झाली. "चौदा वर्षांत कुणी विचारलं नाही."

उनाइसीनं यादी पुन्हा वाचली. खोटं झाकायचं असतं तर बाईनं शनिवारचे तीन खोडले असते. फवारणीचं पत्रक कोण खोडतं? स्वतःच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा कोण खोडतं?

तेवढ्यात मागच्या बाजूला कुठंतरी तान्हं मूल रडायला लागलं. भुकेचं रडणं. उनाइसीच्या छातीत कळ आली आणि तिला काही कळायच्या आत झग्यावर दोन ओले डाग पसरले. तिनं घाईनं कागद पुढे धरला.

"लपवतेस काय?" सिस्टर म्हणाली. "केवढं आहे तुझं?"

"सात महिन्यांचा."

"मग पिळून फेकू नकोस. तिसरं घर. सेरुवायाची मुलगी आहे ती. मावशीचं दूध दोघांना पुरत नाही."

३

पण आधी गावप्रमुखाकडे जायलाच हवं होतं. सुव्याहून आणलेली यांगोनाची, मानाच्या पेयाची, मुळी पुढे ठेवल्याशिवाय बेटावर कुणाच्या भिंतीला हात लावायची रीत नाही.

गावप्रमुख अपेनिसांनी मुळी स्वीकारली, टाळी वाजवली आणि चटईवर ऐसपैस होत म्हणाले, "सुव्याहून माणूस मागितला, तर लेकुरवाळी आली. बरं आहे. निदान तू तरी जागी राहशील."

"सिस्टर झोपली होती, असं तुम्हाला वाटतं, तुरांगा?"

"मला वाटून काय? यंत्र सांगतंय. मागच्या सभेत सगळ्या गावासमोर तिनं माझ्या पाण्याच्या टाकीतल्या अळ्या यंत्राच्या पडद्यावर मोजून दाखवल्या. तेव्हा यंत्राचं खरं. आता यंत्र खोटं?"

"अळ्या होत्या?"

"त्याचा इथं काय संबंध?" अपेनिसा म्हणाले. त्यांच्या बायकोनं आतून मोठ्यानं सांगितलं, "होत्या, भरपूर होत्या!"

शाळेत मास्तर विलिसोनी वाटच बघत होते. छपरावरच्या तबकडीची वायर त्यांच्या खोलीतल्या कपाटात उतरायची, तिथं राउटर होता, आणि किल्ली त्यांच्याच गळ्यात. उनाइसीनं काही विचारण्याआधीच त्यांना घाम फुटला.

"शनिवारी रग्बीची मॅच होती," ते म्हणाले. "सांगून टाकतो, नाहीतर गाव सांगेलच. मी बघत होतो. पण कुणाची वायर काढली नाही, देवाशपथ! सगळे तिकडे प्रार्थनेला गेले नि मी इथं... ओरडत होतो. आता झोप लागत नाही."

उनाइसीनं राउटरची नोंद काढली. मास्तर खरं बोलत होते. सिस्टरची लाइन शनिवारी दिवसभर चालू होती. म्हणजे सिस्टरवरचा आरोप आणखीच घट्ट झाला.

कपाटाच्या दारावर मास्तरांनी सुरेख अक्षरात कागद डकवला होता. वर 'यादा', म्हणजे नावं, असा मथळा. खाली: राउटर, एक. नर्सिंग स्टेशन, बारा. शाळा, वीस. पंचायत, तीस. बायकांचं घर, चाळीस.

"हे काय?"

"पत्ते. पूर्ण नंबर कुणाच्या लक्षात राहतो? एकशे ब्याण्णव वगैरे सगळ्यांचं सारखंच. शेवटचा आकडा तेवढा वेगळा. म्हणून पोरांना सांगितलं, हे मशीनचं नाव समजा."

उनाइसी नर्सिंग स्टेशनात परत गेली. सिस्टरच्या मशीनची वायर तिनं भिंतीतून आणि मशीनमधून, दोन्हीकडून काढली, गुंडाळली, पिशवीत टाकली. आता त्या मशीनला कुणी कितीही हाका मारल्या तरी ते बोलू शकणार नव्हतं. पिशवी खांद्याला लावून ती शाळेत आली आणि मास्तरांच्या मशीनवरून बारा नंबरला हाक दिली.

"येणार नाही उत्तर," मास्तर म्हणाले. "वायर तर तुमच्याजवळ आहे."

स्क्रीनवर चार ओळी उमटल्या. उत्तर. उत्तर. उत्तर. उत्तर.

४

"भूत!" मास्तर म्हणाले आणि स्वतःच जीभ चावली.

"भूत एवढं तत्पर नसतं," उनाइसी म्हणाली. "मास्तर, कपाटातल्या वायरी एकेक काढा. मी हाका मारत राहते."

पंचायतीची काढली. बारा नंबर बोलत राहिला. बायकांच्या घराची काढली. बारा नंबर गप्प झाला.

बायकांचं घर म्हणजे चटया विणायचं घर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दाराशी केवड्याच्या पानांचे भारे वाळत टाकलेले. शेजारच्या ओट्यावर म्हातारी बूबू लाइते बसलेली होती. तिचे पाय गेलेले, म्हणून ती कुठंच जात नाही. कान मात्र शाबूत.

"आलीस का गं घंटा बंद करायला?" ती म्हणाली.

"कसली घंटा, बूबू?"

"आतली. मधूनमधून टिंग करते. शनिवारी तर तीनदा. मी इथून ओरडले, अगं कुणी आहे का आत, तुमचं काहीतरी वाजतंय! कोण असणार? सगळा गाव सिस्टरच्या अंगणात. पोरगी बाळंत होत होती ना."

उनाइसी आत गेली. अर्धी विणलेली चटई जमिनीवर तशीच होती, उरलेले पट्टे चारी बाजूंना पसरलेले. कोपऱ्यात कापडाखाली मशीन. तीन आठवड्यांपूर्वी आलेलं, सुव्याच्या ऑफिसातून इतर सगळ्यांसारखंच एका साच्यातून भरून पाठवलेलं. निरोपांची खिडकीही त्यात तशीच. इथं कुणी ती वापरत नव्हतं, एवढंच.

तिनं कापड काढलं. पडद्यावर एकावर एक तीन चौकटी उघड्या होत्या. न वाचलेल्या.

बोट वळवायची का? ताबडतोब हो कळवा.

खाली आणखी नऊ. फवारणी. रजेचा अर्ज. वाढदिवस.

मास्तरांनी दारातून ते वाचलं.

उनाइसीनं त्यांना समजावलं, थोडं स्वतःलाही. राउटर हा टपालवाल्यासारखा. एका नंबरासाठी तो एकच घर ध्यानात ठेवतो: ज्यानं शेवटची हाक मारली ते. बारा नंबरची दोन घरं झाली की सकाळी टपाल इकडे, दुपारी तिकडे. शनिवारी सिस्टरचा निरोप गेला, लगेच या मशीननं आपणहून काहीतरी हाक दिली असणार, आणि टपालवाला इकडे वळला. मग सिस्टरचं मशीन गोल गोल फिरत बसलं. इस्पितळाला वाटत राहिलं, उत्तर पोचतंय.

पोचतच होतं.

तिनं जोडणीची सेटिंग उघडली. पत्ता आपोआप घ्यायचा की हातानं भरायचा, अशी दोन बटणं. हातानं, असं निवडलेलं. पुढे चार चौकोन, आणि शेवटच्या चौकोनात बारा.

"पण मी चाळीस दिला होता!" मास्तर म्हणाले. "चिठ्ठीवर लिहून. माझ्या हातानं."

"कुणाला दिली चिठ्ठी?"

"सेरुवायालाच. बायकांच्या घराची मुख्य तीच ना."

चिठ्ठी कळफलकाखालीच होती. चाळीस, स्पष्ट. त्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारलेली, आणि शेजारी, काळजीपूर्वक, जरा मोठ्या आकारात: १२.

म्हणजे हे चुकून झालं नव्हतं. कुणीतरी जाणूनबुजून सिस्टरचा नंबर घेतला होता.

५

बुधवारी सकाळी ती तिसऱ्या घरी गेली. मावशीनं बाळ तिच्या मांडीवर दिलं. पाच दिवसांची पोर, मुठी घट्ट, नखं कागदासारखी. तिनं एकदा तोंड फिरवलं, वास ओळखीचा नव्हता. मग भूक मोठी ठरली. उनाइसीनं तिच्या टाळूवर हात ठेवला आणि सुव्यातल्या टाळूची आठवण दाबून धरली.

सेरुवायाचा नवरा केलेपी खांबाला पाठ लावून बसला होता. दुखवट्यात डोकं भादरलेलं, त्यामुळे तो एकदम कोवळा दिसत होता. त्यानं टाळी वाजवून तिचे आभार मानले. आमच्याकडे मोठं काही मिळालं की असंच मानतात.

दारातून सिस्टर आली. बाळाचं वजन घ्यायला रोज यायची. घरात एक चार वर्षांची मुलगी होती, थोरली. ती धावत जाऊन सिस्टरच्या गुडघ्याला बिलगली.

"यादा, जेवलीस का गं?" सिस्टरनं विचारलं.

"तू जेवलीस का, यादा?" पोरीनं उलट विचारलं.

"हिचंही नाव मेरेवालेसी," केलेपी उनाइसीला म्हणाला. "पोटात आडवी होती. सिस्टरनं रात्रभर हातानं फिरवून वळवली. म्हणून नाव मागून घेतलं."

यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आमच्या भाषेत यादा म्हणजे नाव, आणि यादा म्हणजे तेच नाव असलेलं दुसरं माणूस. नाव कुणी मनानं बनवत नाही. ज्याचं घ्यायचं त्याच्याकडे चटई घेऊन जायचं, मागायचं. दिलं की दोघांचं नातं रक्ताच्या वरचं. एकाच्या दारी आलेलं दोघांचं.

उनाइसीच्या मांडीवर बाळ चोखत होतं. तिच्या डोळ्यांसमोर शाळेतल्या कपाटाचं दार आलं, आणि त्यावरच्या कागदाचा मथळा.

"बायकांच्या घरातलं मशीन तुम्ही बसवलंत?" तिनं शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं.

केलेपीचा चेहरा पहिल्यांदा उघडला. "सुव्यात तीन आठवड्यांचा कोर्स केलाय मी. पण डोकं तिचं. मास्तरांनी चाळीस दिला होता. तिनं विचारलं, चाळीस कुणाचा? मी म्हटलं, कुणाचाच नाही, रिकामा आहे. ती म्हणाली, असं बिनयादाचं कसं ठेवायचं? माझं मशीन काय रस्त्यावर सापडलंय? मग आम्ही ठरवलं, सिस्टरच्या मशीनचं घेऊ. त्या मशीनवर गावातली सगळी बाळं आलीत. आमच्यावरही तसाच हात राहील." तो सिस्टरकडे वळला. "तुम्हाला रीतसर मागणार होतो, सिस्टर. ती चटई विणत होती त्यासाठी. तीच ती, अर्धी राहिलेली."

सिस्टरनं वजनकाटा खाली ठेवला.

"आणि मशीननं काही विचारलं नाही?" उनाइसी म्हणाली. आता थांबणं तिच्या हातात उरलं नव्हतं. "नंबर भरल्यावर?"

"विचारलं की! चौकट आली. हा पत्ता या जाळ्यावर आणखी एका मशीनचाही आहे, असं काहीतरी. आम्ही दोघं हसलो. सेरुवाया म्हणाली, बघ, ओळखलं एकमेकांना. मग तिनं स्वतः 'ठीक आहे' दाबलं."

तो इशारा होता. मशीन इशारा देतं आणि बाजूला होतं, अडवत नाही.

केलेपी थोरलीच्या केसांतून हात फिरवत होता. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. सिस्टरला सगळं कळलं होतं.

६

"लिहू नकोस," सिस्टर बाहेर आल्याबरोबर म्हणाली. तिनं उनाइसीचं मनगट धरलं होतं, नाडी बघावी तसं. "मी झोपले होते, असं लिही."

"तुम्ही झोपला नव्हता."

"मला चालेल. त्याला नाही चालणार. दोन लेकरं आहेत."

"आणि त्या तिघी? पुढच्या महिन्यात मकेलेसी बाळंत होईल, तेव्हा तिचं पोट कोण दाबून धरणार? अपेनिसा?"

सिस्टरनं मनगट सोडलं.

गुरुवारी शाळेच्या मशीनवर साहेब दिसत-विझत होते. उनाइसीनं सांगितलं, एका पत्त्याची दोन मशीनं होती, दुसरं चटया विणायच्या घरातलं, सिस्टर खोटं बोलली नाही.

"दुसरा बारा कुणी टाकला?"

"ते लिहायलाच हवं का?"

"उनाइसी, तू नवीन आहेस का? चूक करणाऱ्याचं नाव नसेल तर नियमानं स्टेशनचा पत्ता सांभाळायची जबाबदारी सिस्टरची. ती शुक्रवारी निघेल. नाव दे, मग ती राहील. ती विणकाम करणारी माणसं खात्याची नोकर नाहीत, त्यांना आपण काही करणार नाही."

आपण काही करणार नाही! उनाइसीनं स्क्रीन बंद केली. छाती दगडासारखी झाली होती. मग उठून ती तिसऱ्या घरी गेली, बाळाला पाजलं, आणि काही न बोलता परत आली. बोलायला गेली होती, हे तिलाच माहीत.

शुक्रवारी सकाळी ती बायकांच्या घरात नंबर बदलायला बसली, तेव्हा केलेपी दारात उभा होता. मास्तरांनी जमिनीकडे बघत, रडत, त्याला अर्धंमुर्धं सांगितलं होतं. मास्तरांना गुपित पेलत नाही.

"उत्तर इथं आलं होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"या खोलीत."

"हो."

"कितीदा?"

उनाइसीला खोटं बोलता आलं असतं. "तीनदा," ती म्हणाली.

तो आत आला. चटईच्या पसरलेल्या पट्ट्यांवर पाय पडणार नाही असा वळसा घालून आला.

"मी बाहेर अंगणात होतो," तो म्हणाला. "मला आत बसवत नव्हतं. एकदा वाटलं, इथं येऊन बसावं जरा एकटं. मग वाटलं, लोक काय म्हणतील, बायको तिकडे आणि हा इकडे." त्यानं चटईकडे पाहिलं. "आलो असतो, तर?"

उनाइसीनं कळफलक पुढे ओढला.

"सरका," तो म्हणाला. "मी टाकला होता."

त्यानं सेटिंग उघडली. कोर्समध्ये शिकवलं होतं तसं, एकेक पायरी, घाई न करता. शेवटच्या चौकोनात गेला. बारा खोडला. काही वेळ तिथं नुसती रेघ लुकलुकत राहिली. मग त्यानं चाळीस टाकला. या वेळी कसलीच चौकट आली नाही, मशीननं काही विचारलं नाही.

"बटण तिनं दाबलं होतं, हे लिहू नका," तो म्हणाला. "सगळं मीच केलं असं लिहा. नाव लिहून घ्या." आणि त्यानं आपलं नाव सांगितलं, मग बापाचं, मग घराण्याचं. उनाइसीचं पेन अडलं तिथं त्यानं अक्षरं सुटी करून सांगितली.

उनाइसीनं ते नाव कळवलं, आणि दुपारी साहेबांचा निरोप बारा नंबरवर आला, सिस्टरच्याच मशीनवर, आणि तिनं तो वाचला. तिनं राहायचं होतं. ती मकेलेसीचं पोट तपासत होती. तिनं वाचून स्क्रीन खाली केली आणि पुन्हा पोटाला हात लावला.

शुक्रवारच्या त्या बोटीनं शेजारच्या बेटावरून सेरुवायाचे तिघे भाऊ उतरले. त्यांना धक्क्यावरच सगळं कळलं. अपेनिसांनी घाईघाईनं फणसाच्या झाडाखाली चटया टाकवल्या. भाऊ ओळीनं बसले. केलेपी गुडघ्यांवर चालत त्यांच्यापुढे आला, मान खाली, आणि दोन्ही हातांवर व्हेलचा दात धरून त्यानं माफी मागितली. आमच्याकडे माफी अशीच मागतात. समोरच्यानं दात हातात घेतला की झालं. मग कुणी त्याबद्दल बोलत नाही. घेतला नाही, तर माणसानं तसंच बसून राहायचं.

उनाइसी बोटीत चढली होती. दोरी सुटली. ती कठड्याला धरून बघत राहिली. थोरला भाऊ समुद्राकडे बघत होता. मधला आपल्या पायांकडे. धाकट्यानं तोंड झाकलं होतं. केलेपीचे हात अजून पुढेच होते. बोट खडकांच्या फटीतून बाहेर पडली, किनारा बारीक झाला, माणसं ठिपक्यांएवढी झाली. दिसत होतं तोवर एकाही भावाचा हात पुढे आला नव्हता.